खंडेनवमीचा कठडा

अनया दुपारी झोपली की घरात एकच आवाज उरतो. गराजमधून येणारा, पक्कडीचा. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. माझे बाबा तारेची एकेक कडी दुसऱ्या कडीत अडकवत असतात. चिलखत विणतात ते.

हो, चिलखत. वेस्ट विंडसरमध्ये. बाकीचे निवृत्त काका लोक सकाळी पार्कात चालायला जातात, दुपारी ब्रिज खेळतात, आणि कोणाचं कोलेस्टेरॉल किती ह्यावर भांडतात. माझे बाबा क्रुसेडला जायची तयारी करतात.

सुरुवातीला मला ते गोड वाटलं होतं. आई गेल्यावर ते कोचावर भिंतीकडे बघत बसायचे, त्यापेक्षा हातात काहीतरी आहे ना, म्हणून. आता त्या टक् आवाजानं माझे दात शिवशिवतात.

बाबा इंजिनियर नाहीत. आमच्या मराठी मंडळात हे प्रत्येकाला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं, कारण इकडे आलेला मराठी माणूस म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. बाबा कारागीर. पुण्यात टूलरूममध्ये शिकले आणि इथे प्रिन्स्टनजवळच्या एका संशोधन संस्थेच्या मशीन शॉपमध्ये आयुष्यभर शास्त्रज्ञांना हवी ती उपकरणं घडवून देत राहिले. मंडळाच्या गणपतीचं घडीचं मखर त्यांचं. मंडळातल्याच अहिल्यामावशींच्या देवघराची चांदीची बिजागरी त्यांची. अर्ध्या टाऊनशिपची मोडकी खेळणी, चाकं, कुलुपं त्यांच्या हाताखालून गेली. फक्त आमच्या बेसमेंटच्या जिन्याचा कठडा तेवढा त्यांनी "करतो, करतो" म्हणत ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि त्या कठड्यापायीच आई गेली.

गेल्या खंडेनवमीला. आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे हत्यारांची सुट्टी. आई सकाळीच हॉलमध्ये पाट मांडायची, गराजमधून ड्रिल, हातोडी, पक्कड, मोजमापाची सगळी हत्यारं आणून पुसून ठेवायची, हळदकुंकू लावायची, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी बाबा स्क्रूसुद्धा पिळायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनी पाळलं, त्यांनी पाळलं. कामाला त्या दिवशी रजा टाकायचे. मशीन शॉपमधल्या गोऱ्या सहकाऱ्यांनासुद्धा पाठ झालं होतं, आज नंदूच्या टूल्सचा वाढदिवस.

त्या दुपारी आई म्हणाली होती, "अहो, खालचा कठडा आज फारच हलतोय. बघता का जरा?"

बाबा म्हणाले, "आज हत्यार धरत नाही, माहितीये ना तुला? उद्या बघतो."

"बरं बाई, उद्या. आज हत्यारं लाडकी, बायको उद्या."

दोघंही हसले होते म्हणे. मला हे बाबांनीच सांगितलं, इतक्या वेळा की ते हसणंही मला ऐकू येतं. संध्याकाळी आई दसऱ्याच्या श्रीखंडासाठी खाली टांगलेला चक्का आणायला गेली. वर येताना एका हातात पातेलं, दुसरा हात कठड्यावर. ब्रॅकेट भिंतीतून निघून आलं.

मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. नंतर मी आणि सत्यजित आमचं एडिसनचं अपार्टमेंट सोडून बाबांकडेच राहायला आलो. अनया ह्याच घरात रांगायला शिकली.

बाबांना ज्यानं त्यानं एकच सांगितलं. "नंदू, तुझी काय चूक?" गुरुजींनी झूमवर सांगितलं, "यजमान, प्रायश्चित्त कशाचं घ्यायचं? दोषच नाही तर." अहिल्यामावशी स्वतः डॉक्टर, त्यांनी तर पडण्याचं शास्त्रच समजावून सांगितलं. सगळ्यांचा हेतू चांगला होता. पण प्रत्येक वेळी कोणी "तुमची चूक नाही" म्हणालं की बाबांचा चेहरा दार तोंडावर बंद झाल्यासारखा व्हायचा.

मग एके दिवशी लायब्ररीत त्यांना ती मंडळी भेटली. बाराव्या शतकातले कपडे घालून लुटुपुटूच्या लढाया करणारे लोक. दर ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर तंबू ठोकून क्रुसेड करतात. बाबा घरी आले ते क्रुसेडवरचं, म्हणजे जुन्या ख्रिस्ती धर्मयुद्धांवरचं, जाडजूड पुस्तक घेऊन.

"ज्ञानू, हे बघ. त्या काळी धर्मगुरूंनी जाहीर केलं होतं, जो ह्या युद्धाला जाईल त्याची सगळी पापं माफ."

"बाबा, तिथे जाऊन त्या लोकांनी किती निरपराध माणसं मारली, ते पान वाचलंत का?"

"वाचलं. म्हणून तर हे खोटं युद्ध बरं. ह्यांच्या तलवारी वेताच्या असतात."

"आणि वेताच्या तलवारीनं खरी पापं जातात?"

दुसऱ्या दिवशी तारेची भेंडोळी घरी आली.

सत्यजितनं आधी थट्टा केली. "काय सरदार नंदकुमार, मोहीम कुठवर?" पण बाबा खरंच दर रविवारी सरावाला जायचे आणि खांद्यावर काळेनिळे वळ घेऊन यायचे. सत्तरीच्या माणसाला कोण मारतं असं? मी बर्फ लावताना चिडून विचारलं तर म्हणाले, "मार खाल्ला की रात्री झोप लागते." मी बर्फाची पिशवी दुसऱ्या खांद्यावर ठेवली.

बरं, त्या लोकांनाही बाबा नाइट, म्हणजे लढणारे सरदार, म्हणून नकोच होते. त्यांना लोहार हवा होता. कोणाचं शिरस्त्राण चेपलं, द्या नंदूला. कोणाच्या ढालीची पट्टी तुटली, नंदू बघेल. त्यांचा म्होरक्या, सर रॉडरिक, एरवी डग नावाचा दातांच्या दवाखान्यातला मॅनेजर, दर वेळी खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "नंदू, यू आर टू व्हॅल्युएबल टू फाइट." बाबा चिडून घरी यायचे. "इथेही दुरुस्तीच. तंबूत बसून दुसऱ्यांच्या कड्या जोडायला मी आलोय का?" तरी जोडून द्यायचेच. कित्येक महिने कड्या जोडल्यावर डगनं एकदाचं कबूल केलं. ह्या ऑक्टोबरात नंदूला नाइट करायचं. आधी बिशपसमोर पापाचा कबुलीजबाब, मग माफी, मग हातात तलवार.

"माफी मिळणार, ज्ञानू," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे असे काही लुकलुकले की मला रडू आलं. आणि रागही आला. कारण कठडा अजून तसाच होता.

हेच माझं रडगाणं. हजारो कड्या जोडणाऱ्या माणसाला तीन ब्रॅकेट बसवता येईनात. बेसमेंटला दार नाही. बाबांनीच हौसेनं काढून तिथे मोकळा जिना केलेला. सत्यजितनं कठडा दोरीनं आवळून ठेवला होता. वर बाळाचं गेट लावलं, तर त्याची एक बाजू भिंतीत आणि दुसरी कठड्याच्या खांबाला. खांबच हलतो, मग गेट कसं टिकणार? दर दोन दिवसांनी निसटायचं. आणि अनया आता धरून उभी राहते. सोफा, खुर्ची, माझा पाय, गेट. तिला काय कळतंय कशाला धरावं.

एकदा मी दुरुस्तीवाला बोलावला. तो दारात आला, बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवला.

"माझ्या घरात कठडा दुसरं कोणी बसवणार नाही."

"मग तुम्ही बसवा."

"बसवतो."

"कधी, बाबा?"

"बसवतो म्हटलं ना!"

आणि गराजचं दार बंद. टक्. टक्. आईलासुद्धा असंच "उद्या" मिळालं होतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. वर्षभर गिळतच होते.

ह्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. आणि लाँग वीकेंड धरून क्रुसेडही शुक्रवारीच सुरू. इंडियन ग्रोसरीच्या कॅलेंडरवर बघून मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "माहितीये. आता काय राहिलंय पाळायचं?"

त्यांनी नाही पाळलं तरी मला पाळायचं होतं. आईचं काहीतरी अनयाच्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून. सकाळी सत्यजित ट्रेनला गेल्यावर मी हॉलमध्ये पाट मांडला. गराजमधून हत्यारं आणली. पक्कड कड्या जोडून जोडून चकचकीत झालेली. पण ड्रिल दिसेना. शोधता शोधता सगळ्यात खालच्या खणात सापडला, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. उघडला. मुठीवर हळदीकुंकवाची दोन बोटं होती. वाळलेली, कडेनं जरा पोपडे आलेली. आईची बोटं.

बाबांनी वर्षभर त्याला हात लावला नव्हता. आणि मी मूर्खासारखी समजत होते की ते आळशी झालेत.

मी तिच्या बोटांवर नाही, शेजारी माझी बोटं उमटवली. फूल ठेवलं. तेवढ्यात मागे खडखड झाली. वळून बघते तर अनया गेटला धरून उभी, आणि गेट खांबासकट जिन्याच्या बाजूला कलतंय. मी कशी धावले मला माहीत नाही. तिचा फ्रॉक माझ्या मुठीत आला आणि गेट पायऱ्यांवरून आपटत खाली गेलं. अनयाला वाटलं हा खेळ आहे. ती खदखदून हसली.

बाबा चिलखत घालून जिन्याच्या तोंडाशी आले होते. त्यांनी सगळं बघितलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "चल. उशीर होतोय. आज ते एकदाचं होऊन जाऊ दे."

मला भयंकर संताप आला. अनयाला कारसीटमध्ये बांधलं. चिलखतात त्यांना स्टिअरिंगमागे बसता येत नाही, त्यामुळे ड्राइव्ह मीच करणार हे ठरलेलं. सीटबेल्ट त्यांच्या कड्यांत अडकला, तो सोडवताना माझं नख तुटलं. नदी ओलांडेपर्यंत गाडीत फक्त अनयाचं बोबडं गाणं आणि कड्यांची किणकिण.

शेतावर जत्रा होती. तंबू, निशाणं, टर्की लेग विकणारी गाडी, पोर्टेबल संडासांच्या रांगेत उभे असलेले नाइट. बिशप म्हणजे लॅरी नावाचा गाद्यांच्या दुकानातला सेल्समन. पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट, पायात स्नीकर्स. बाबा त्याच्यासमोर गवतात गुडघे टेकून बसले. मी अनयाला कडेवर घेऊन जवळच उभी.

"स्पीक, माय सन. कन्फेस युअर सिन्स," लॅरी नाटकी आवाजात म्हणाला. आधीचे लोक गमतीची पापं सांगून गेले होते. शेजाऱ्याचं वायफाय वापरलं, बायकोचा चीजकेक खाल्ला.

बाबा म्हणाले, "आय किल्ड माय वाइफ."

लॅरीचा हात हवेतच राहिला. त्यानं डगकडे बघितलं. डगनं माझ्याकडे. बाबा खाली मान घालून सगळं सांगत गेले. हलणारा कठडा. तिनं सांगितलेलं. हत्यारांचा दिवस. उद्या. त्यांचं इंग्रजी एरवी चोख. आज मध्येच मराठी शिरत होतं, चक्का, पातेलं. लॅरीला काय कळलं कोण जाणे. पण त्याचे डोळे भरले, त्यानं मुकुट काढला आणि बाबांच्या शेजारी गवतातच बसला.

"ओह, मॅन," तो म्हणाला. "दॅट्स नॉट ऑन यू. दॅट वॉज ॲन ॲक्सिडेंट. यू डिडन्ट डू एनीथिंग राँग."

बाबांनी वर बघितलं. तेच, दार बंद झाल्यासारखं.

डगनं समजूतदारपणे घाई केली. तलवार पुढे आणली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा कसेबसे उठले, तलवारीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ पार्किंगकडे चालू लागले. मागून डग ओरडला, "नंदू! बडी! द सोर्ड!"

गाडीत बसल्यावर त्यांचा बांध फुटला. एक हात डॅशबोर्डवर आपटत म्हणाले, "ह्यालासुद्धा पाप दिसेना! अरे, तू बिशप आहेस ना? खोटा का होईना, आहेस ना? मग विचार की मला! शिक्षा दे! जो तो येतो आणि म्हणतो तुझी चूक नाही. इतके महिने मार खाल्ला मी ह्या लोकांचा, आणि शेवटी काय, तर ॲक्सिडेंट!"

अनया दचकून रडायला लागली. मी गाडी शेतमाल विकणाऱ्या एका फार्म स्टँडच्या कडेला घेतली, बंद केली. तिला बिस्कीट दिलं.

"बाबा," मी म्हटलं, "चूक तुमची होती."

त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढून घेतला.

"आईनं सांगितलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. देवानं काही कान धरला नसता एक स्क्रू पिळला म्हणून. तुम्ही उद्यावर ढकललंत. चूक होती, बाबा. तुमची होती."

बोलून टाकलं आणि वाटलं आता संपलं, आपलं आणि ह्यांचं नातं इथेच, ह्या भोपळ्यांच्या ढिगाशेजारी. खिडकीबाहेर एक बाई पोराला भोपळ्यावर बसवून फोटो काढत होती. बाबांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले. आईच्या दिवसांतही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. कड्या खळखळ वाजत होत्या. अनया रडायची थांबून आजोबांकडे बघत राहिली.

शेवटी ते म्हणाले, "सुलभाही हेच म्हणाली असती."

"तिनं तर आधी दोन शिव्या दिल्या असत्या."

"हो." नाक पुसत. "मग शिक्षा काय?"

"कठडा बसवा."

"बसवतो."

"आज."

"ज्ञानू, आज खंडेनवमी आहे."

"म्हणूनच, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाद घालायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

घरी पोचल्यावर अनयाला मी हाय चेअरमध्ये बांधून टाकलं आणि पुढ्यात चुरमुरे पसरले. बाबा हॉलमध्ये पाटासमोर उभे राहिले. चिलखत तसंच अंगावर, कारण ते काढायला वाकून दोघांनी ओढावं लागतं आणि त्यांना थांबायचं नव्हतं. किती वेळ नुसते उभे. मला वाटलं, आता पुन्हा "उद्या". मी ओठ चावून धरले.

मग त्यांनी पाटाला नमस्कार केला. फूल बाजूला ठेवलं. ड्रिल उचलला, पण बोटांच्या चिमटीत, मुठीला हात लागणार नाही असा.

"असा कसा चालवणार?" मी हळूच म्हटलं.

"पुसलं जाईल गं ते."

"जाऊ दे. मी ह्या वर्षी नवीन लावलंय. पुढच्या वर्षी अनया लावेल."

त्यांनी मूठ धरली. घट्ट.

तासभर तरी शिव्याशाप चालले होते. भिंतीतला जुना स्क्रू अर्ध्यात तुटला. भिंतीमागच्या ज्या लाकडी खांबात ब्रॅकेट बसवायचं असतं, तो त्या जागी नव्हताच. इतकी वर्षं तो कठडा नुसत्या प्लास्टरवर लटकत होता. "गाढवा," बाबा स्वतःला म्हणाले, "हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं." मी "नाही हो" म्हटलं नाही. टॉर्च धरून उभी राहिले. नवीन भोकं पाडताना प्लास्टरची पांढरी भुकटी त्यांच्या कड्यांत जाऊन बसली. एकदा ड्रिल निसटून बोटाला लागला, तेव्हा वैतागून म्हणाले, "तुझ्या आईनं काढलेला सूड," आणि हसू दाबायला वळले.

सगळे स्क्रू बसल्यावर त्यांनी मला वर जायला सांगितलं.

"कशाला?"

"टेस्ट लोड. कुठलीही वस्तू शॉपमधून बाहेर जायच्या आधी तिच्यावर जास्तीचं वजन टाकून बघायचं असतं."

ते जिन्याच्या मधोमध उभे राहिले, आई पडली त्या पायरीवर. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पाय उचलून घेतले. माझे वडील, अधिक तीस पौंड लोखंड, सगळं त्या एका लाकडी दांड्यावर. "बाबा, पुरे!" कठडा हलला नाही. कुरकुरलासुद्धा नाही. ते तसेच लटकत राहिले, डोळे मिटून, हात थरथरायला लागले तरी.

मग पाय टेकले, पायरीवर बसले आणि उजवा तळवा उघडून बघितला. घामानं भिजलेला, त्यात पिवळट लाल डाग. ते किती तरी वेळ त्याच्याकडे बघत होते.

वरून अनयानं चुरमुऱ्यांची वाटी फेकली.

"आलो, आलो," बाबा ओरडले, आणि कठड्याला धरून, किणकिणत, एकेक पायरी वर चढू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "ज्ञानू, ते गेट कुठाय? आण इकडे. आणि हे लोखंड काढ बाई आधी माझ्या अंगावरनं, जड झालंय."